आता या वयात कशाला?

मराठी भाषेत माणसाला अत्यंत सौजन्याने ठार मारायचं एक वाक्य आहे. ते उच्चारताना आवाज चढवावा लागत नाही, उलट थोडा उतरवावा लागतो. मान किंचित तिरपी करायची, डोळ्यांत जमेल तेवढी माया आणायची आणि म्हणायचं, "आता या वयात कशाला?" ऐकणाऱ्यालाही वाटतं, किती काळजी आहे माणसाला!

मी स्वतः हे वाक्य वापरलं आहे. सख्ख्या मामावर वापरलं आहे. तेव्हा पुढे मी जो वाद घालणार आहे त्यात आरोपी म्हणून पहिलं नाव माझंच घ्या, आणि मग सावकाश आपापली नावं खाली लिहा.

मी राहतो साताऱ्यात. सातारा हे पेन्शनरांचं गाव. राजवाड्याकडच्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी सात जण बसतात आणि सातांची वयं मिळून पाचशेच्या वर जातात. त्यात एक निवृत्त मामलेदार आहेत, एक निवृत्त हेडमास्तर आहेत आणि बाकीचे नुसतेच निवृत्त आहेत. या कट्ट्यावर कुणी नवा चष्मा केला, दात बसवले, फार काय नवी छत्री घेतली तरी उरलेले सहा जण एका सुरात विचारतात, "आता या वयात?" त्यामुळे वाक्य माझ्या जिभेवर बसलेलं होतंच. फोन यायचा अवकाश होता.

फोन सांगलीहून आला. माझे मामा सांगलीच्या गावभागात राहतात. त्यांना सगळं जग नाना म्हणतं. वय ८४. हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून त्यांनी पन्नास वर्षं काढली. हळकुंड मोडताना जो कटकन आवाज येतो त्यावरून माल कुठला, वाळला किती आणि विकणारा खोटं किती बोलतोय हे ते सांगतात. पेढी सुटून चौदा वर्षं झाली, पण अजूनही आठवड्यातून एकदा यार्डात चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

मामेभाऊ बंडू हा सज्जन असल्यामुळे फोन त्याच्या बायकोने केला. "भाऊजी, नाना चार दिवस जेवत नाहीत. यार्डातसुद्धा गेले नाहीत. आणि काल रात्री मामींना हाका मारत होते."

मामींना जाऊन नऊ वर्षं झाली.

मी अत्यंत समंजसपणे म्हणालो, "वहिनी, चौऱ्यांशी झाली त्यांची. म्हातारचळ हा असायचाच. आता या वयात तपासण्याबिपासण्या कशाला?" फोन ठेवला आणि कंदी पेढा खाल्ला. एखाद्याला उपदेश करून झाला की मला गोड खावंसं वाटतं.

आता हा म्हातारचळ शब्द घ्या. एवढा सोयीचा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. म्हातारा माणूस जेवला नाही, म्हातारचळ. उगाच चिडला, म्हातारचळ. रात्री असंबद्ध बोलला, मग तर प्रश्नच नाही. पित्तनलिकेत खडा अडकून तिथं पू झाला की तरुण माणूस गडाबडा लोळतो, हुडहुडी भरून तापतो आणि डोळे पिवळे करून बसतो. दुखणं, ताप आणि कावीळ या तिघांची जोडगोळी शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८७७ सालीच लिहून ठेवली आहे. (जोडगोळी दोघांची असते हे मला ठाऊक आहे. हेडमास्तरांनी पत्र पाठवू नये.) पुढे १९५९ मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या डॉक्टरने त्यात आणखी दोघं घातले. रक्तदाब उतरणं आणि भ्रम होणं. म्हातारपणी तर पुष्कळदा पोट फारसं दुखतही नाही, ताप धड येत नाही. अन्नावरची वासना जाते आणि माणूस बरळायला लागतो, एवढंच. म्हणजे मी ज्याला साताऱ्यात बसून म्हातारचळ म्हणत होतो, त्याला वैद्यकाच्या पुस्तकात गेली साठपासष्ट वर्षं 'ताबडतोब हालचाल करा' असं म्हणतात.

बरं, कावीळ तरी कुणाच्या लक्षात यावी! पण हळदीच्या पेठेत जन्म काढलेला माणूस पिवळा पडला तर तो पिवळा पडला हे ठरवायचं कसं? नानांचे पंचे पिवळे, बोटं पिवळी, उशीचा अभ्रा पिवळा. शेवटी वहिनींनीच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि बंडूला हाक मारली. बंडूने ताबडतोब कृती केली. तो काविळीवाल्याला घेऊन आला.

या काविळीवाल्याची पद्धत अशी, की रोग्याच्या हातावर चुन्याचं पाणी ओतायचं, काहीतरी पुटपुटायचं आणि खाली परातीत उतरलेलं पिवळं पाणी दाखवून 'ही बघा उतरली' म्हणायचं. साधी कावीळ बहुतेक वेळा आपली आपण जाते, त्यामुळे त्याचा धंदा बरा चालला होता. पण नानांच्या उशाशी हळकुंडांचे नमुने असतात आणि भ्रमातसुद्धा ते हळकुंड चोळत होते. हळदीच्या हातांवर चुन्याचं पाणी पडलं की काय होतं, हे कुंकू करणारा कुणीही सांगेल. परातीत लालभडक पाणी उतरलं. काविळीवाला ते बघून जो उठला तो चपला हातात घेऊनच जिना उतरला. अख्ख्या प्रकरणात 'हे माझ्याच्याने व्हायचं नाही' असं लगेच कबूल करणारा तो एकटा. पुढे बंडूच्या पुण्याच्या जावयांनी फोनवरून पानफुटीचा रस आणि कुळथाचं कढण सांगितलं. ती औषधं मूतखड्यावर सांगतात आणि मूतखडा हे वेगळं खातं आहे, हे त्यांना कुणी सांगायचं? जावई पडले.

वहिनींनी मात्र कुणाला न विचारता रिक्षा बोलावली आणि नानांना मिरजेला नेलं.

सांगलीचा माणूस सांगलीत आजारी पडतो आणि मिरजेत बरा होतो, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. सांगलीत आता दवाखाने मोप झालेत, पण सवय जात नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ काढलं तेव्हापासून हे गाव सतारी करतं आणि माणसं दुरुस्त करतं. १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. दोन्ही धंद्यांत पोकळ भोपळ्याशी नाजूक हाताने वागावं लागतं.

मी साताऱ्याहून निघालो. साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही, ते माहुलीच्या बाजूला आहे, त्यामुळे गाडी गाठायला आधी एक प्रवास करावा लागतो. मिरजेला पोचलो तेव्हा नानांना सलाईन लावलं होतं आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात नातेवाइकांची सभा भरली होती. विषय एकच.

पोटाच्या डॉक्टरांनी आत बोलावून फोटो दाखवला. पित्तनलिकेत २२ मिलिमीटरचा खडा. चांगली सुपारीएवढी गोष्ट. एरवी ही नळी पाचसहा मिलिमीटरची. इथं मागे तुंबून तुंबून फुगली होती. दीड सेंटिमीटरच्या पुढचा खडा या शास्त्रात 'मोठा' म्हणून नाव कमावतो.

"पण डॉक्टर, पित्ताची पिशवी तर १९८८ सालीच काढली होती," बंडू म्हणाला. त्याच्या आवाजात दुकानदाराला जुनी पावती दाखवणाऱ्याचा सूर होता. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढली तरी नळी राहते, आणि नळीत पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा खडा धरू शकतो.

मला डॉक्टरांच्या बोलण्यातलं निम्मं कळलं. उरलेलं मी सांगलीच्या भूगोलावरून लावलं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तशी स्वादुपिंडाची नळी पित्ताच्या नळीला अगदी शेवटी मिळते आणि दोन्ही मिळून एका चिमुकल्या तोंडातून आतड्यात पडतात. त्या संगमाशी दगड बसला की दोन्हीकडे फुगवटा. खाली अडलेलं पाणी वर गावात कसं शिरतं, हे सांगलीकराला शिकवायला नको. २००५ आणि २०१९ साली तो छपरावर बसून शिकलेला आहे. पित्त तसंच यकृतात मागे येतं, रक्तात शिरतं आणि माणूस पिवळा होतो. तुंबलेल्या पाण्यात घाण होते तशी इथंही होते, आणि ती घाण रक्तात गेली म्हणजे मामींना हाका सुरू होतात.

सभेकडे परत येतो. सभेत हजर असलेल्या नऊ जणांपैकी आठ जणांनी ते वाक्य उच्चारलं. नववे नाना, ते शुद्धीत नव्हते. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर १९८८ सालचं ऑपरेशन होतं. तेव्हा बरगडीखाली वीतभर कापलं होतं, बाजूने नळी काढली होती आणि सत्तेचाळीस वर्षांचे धडधाकट नाना तीन आठवडे खाटेवर होते. सत्तेचाळीसला तीन आठवडे तर चौऱ्यांशीला किती, असं त्रैराशिक मांडून सगळे हळहळत होते.

माझं भांडण आहे ते इथं. या हळहळीत प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण ते प्रेम पन्नास वर्षं शिळं होतं. तोंडातून दुर्बीण उतरवून, पोटाला सुरी न लावता, आतड्यातलं ते तोंड आतूनच जरासं कापून खडा ओढून काढायचा, ही युक्ती १९७४ साली जर्मनीत आणि जपानात जवळजवळ एकाच वेळी केली गेली. तिला ई.आर.सी.पी. म्हणतात. १९८२ च्या सुमारास न निघणारा खडा आतल्या आत चिरडायची तारेची टोपली आली. या शतकाच्या सुरुवातीला मोठा फुगा फुगवून तोंडच रुंद करायची रीत आली. आता मोठ्या शहरांत त्याहून बारीक दुर्बीण थेट नळीत घालून लेसरने खडा फोडतात. हे सगळं मुख्यतः कुणासाठी? कापाकापी सोसणार नाही त्यांच्यासाठी. म्हणजे ज्या वयाकडे बोट दाखवून आम्ही 'नको' म्हणत होतो, ते वय हेच 'करा' म्हणायचं कारण होतं!

"आणि काहीच नाही केलं तर?" वहिनींनी विचारलं. इतका साधा प्रश्न आठ जणांपैकी एकालाही सुचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, तुंबलेला पू आज मोकळा केला नाही तर पुढचं सांगता येत नाही. आम्ही समजत होतो की एका बाजूला धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला नाना आपले शांतपणे झोपलेत.

पैशाचाही मुद्दा निघाला, हळू आवाजात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या माणसांना उत्पन्न न विचारता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कुठल्या इस्पितळात त्यातलं काय बसतं ते आधी विचारून घ्यावं लागतं, पण सत्तरीनंतर माणसावर खर्च करावा हे दिल्लीला पटलं होतं. आमच्या व्हरांड्यालाच पटायचं होतं.

बंडूने सही केली. त्या रात्री डॉक्टरांनी खडा काढायचा हट्ट धरला नाही. माणूस इतका तापलेला असताना लांबण लावत नाहीत. खड्याच्या बाजूने रिफिलएवढी प्लास्टिकची नळी सरकवली आणि पित्ताला वाट करून दिली. तिसऱ्या दिवशी नानांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हळदीचा भाव काय निघाला?"

म्हातारचळ सलाईनच्या बाटलीतून उतरला, असं म्हणा हवं तर.

तुम्हाला वाटेल, संपली गोष्ट. आमच्या नातेवाइकांनाही तसंच वाटलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी परत या, तेव्हा खडा काढू, असं सांगितल्यावर व्हरांडा पुन्हा भरला. नाना जेवताहेत, चालताहेत, पिवळेपणा उतरला (जेवढा हळदीचा नव्हता तेवढा), नळी आहेच आत. मग आता परत या वयात कशाला?

दुसऱ्यांदा वापरलेलं हे वाक्य पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्याला अनुभवाचा आधार असल्यासारखा वाटतो. ती प्लास्टिकची नळी म्हणजे काही इर्विन पूल नव्हे, की १९२९ साली बांधला आणि अजून उभा आहे. ती तीनेक महिन्यांत गाळाने बुजू लागते. खडा तिथंच असतो. मग पुन्हा ताप, पुन्हा पू, पुन्हा मामींना हाका. आत नळी आहे हे विसरून गेलेली माणसं वर्ष-दोन वर्षांनी तापाने फणफणून येतात, असं डॉक्टर सांगत होते. विसरतं कोण? रोग्याला पुष्कळदा सांगितलेलंच नसतं. त्याला 'आता तुम्ही बरे झालात' एवढंच सांगून घरी आणतात, कारण या वयात त्याच्या डोक्याला त्रास कशाला!

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे मान्य करतो. नानांच्या शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, कुणाची ओळख नाही, हृदय थकलेलं. त्यांच्या घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं की नुसती नळी ठेवायची, वेळच्या वेळी बदलायची आणि खड्याच्या मागे लागायचं नाही. तिथं माझं भांडण नाही. त्यांनी माणसाकडे पाहून ठरवलं. आम्ही जन्मतारखेकडे पाहून ठरवत होतो. नाना जिना चढतात का, काय खातात, मूत्रपिंडं कशी आहेत, आणि मुख्य म्हणजे नानांना काय वाटतं, यातलं काही व्हरांड्यात निघालं नव्हतं.

या वेळी वहिनींनी डॉक्टरांना नानांच्या खाटेशीच आणून बसवलं.

नानांनी चष्मा लावला आणि सौदा करतात तसा प्रश्न केला, "माल काढताना नुकसान काय काय होऊ शकतं?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. स्वादुपिंडाला सूज, शंभरात काही जणांना; ती क्वचित जीवघेणी होते. रक्तस्राव. फार क्वचित आतड्याला भोक. मोठ्या खड्याला एखादे वेळी दोनदा बसावं लागतं.

"आणि माल तसाच पेवात ठेवला तर?"

पेव म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं असत. तोंड चिंचोळं, आत भलं मोठं पोट. पुष्कळशी २००५ च्या पुराने खाल्ली. पेव उघडल्यावर आत हवा खेळू देत आणि मगच माणूस उतरे. डॉक्टरांनी केलं ते हेच की! आधी हवा, मग माल. पोटातल्या पेवाचं तोंड तेवढं रुंद करून घ्यायचं. सबंध शेत उकरायचं कारण नाही.

"राहिला तर कुजेल," डॉक्टर म्हणाले. तेही सांगलीचेच असावेत.

"मग काढा," नाना म्हणाले. "आणि बंडू, पुढच्या वेळी मी बोलायच्या स्थितीत असलो तर मला विचारायचं. व्हरांड्यात नाही."

सहा आठवड्यांनी, बरोबर ठरलेल्या दिवशी, खडा काढला. तोंडाला जरासा छेद, मग फुगा हळूहळू फुगवून वाट मोठी केली, मग टोपली. खडा टोपलीत आला पण बाहेर येईना; तेव्हा ती चिरडायची टोपली लावून त्याचे तुकडे केले. भूल हलकीच होती. तासाभरात नाना बाहेर आले आणि दोन दिवसांनी घरी. १९८८ चे तीन आठवडे आठवून ज्यांनी रजा टाकल्या होत्या त्यांची जरा पंचाईत झाली.

नानांना एकच गोष्ट लागली. त्यांना खडा बघायचा होता. डॉक्टरांनी सांगितलं, तुकडे आतड्यात सोडून दिले, ते आपले आपण जातील. "म्हणजे नमुनासुद्धा ठेवला नाही?" नाना म्हणाले. पन्नास वर्षांत नमुना न ठेवता त्यांनी माल सोडला नव्हता. पुढचे दोन दिवस ते त्या खात्यावर बारीक लक्ष ठेवून होते, पण हाती काही लागलं नाही.

परवा मी सांगलीला गेलो होतो. सकाळी नाना धुतलेला सदरा घालून, पिशवी घेऊन बाहेर निघाले होते. मी विचारलं, "मामा, कुठं?"

"बँकेत. पाच वर्षांची ठेव ठेवायचीय. ज्येष्ठांना अर्धा टक्का जास्त मिळतो."

बंडू वर्तमानपत्रातून मान वर काढून म्हणाला, "नाना, पाच वर्षांची? आता या व..."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात लाटणं होतं. पोळ्या चालल्या होत्या म्हणून असेल.

"...या वेळेला बँक उघडलेली नसते, असं म्हणत होतो," बंडू म्हणाला.